द्वारपालाने दार का लावले? गुण वीस

मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत माझ्या चिठ्ठीत 'प्रेत' निघालं आणि मी नापास झालो.

आम्हाला अभ्यासाला असलेल्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात एक प्रेत पडलेलं असतं. कुणाचं ते नाटककाराने सांगितलेलं नाही. साहित्याच्या बाईंनी विचारलं, "तू इथे का पडला आहेस?" मी पात्राशी प्रामाणिक राहिलो. वीस मिनिटं चकार शब्द काढला नाही, श्वाससुद्धा बेताने घेतला. बाईंनी माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. तोंडीचे वीस गुण गेले, त्यांच्या मागोमाग साहित्याचा पेपर गेला आणि पेपराने जाताना वर्षही सोबत नेलं.

म्हणजे यंदा मी अकरावीत दुसऱ्यांदा होतो. हेही वर्ष गेलं असतं तर पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण माझ्याच वर्गात आली असती. आमच्या शाळेत बाक आडनावावरून देतात, त्यामुळे वर्गातच नव्हे तर थेट माझ्या मांडीला मांडी लावून. आईने त्यातही फायदा शोधून ठेवला होता. "एकच पुस्तक पुरेल दोघांना," ती म्हणाली. "पुस्तक माझ्याकडे राहील," धाकटी म्हणाली.  विकत आणलेली वस्तू दुकानदार परत घेतो का, असा विचार करताना माणसाचा चेहरा जसा होतो, तसा बाबांचा मला बघून झाला होता.

आता तोंडीच्या खुर्चीबद्दल सांगायला हवं.

साहित्याच्या बाईंची तोंडी परीक्षेची पद्धत त्यांची स्वतःची आहे. मुलाने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत जे पात्र येईल ते व्हायचं आणि फळ्यासमोरच्या हात असलेल्या खुर्चीत बसायचं. मग परीक्षक त्याला पात्र म्हणूनच प्रश्न विचारतात आणि त्याने 'मी' म्हणून उत्तरं द्यायची. नियम तीन. 'मला माहीत नाही' म्हणायचं नाही, कारण आपण असं का वागलो हे पात्राला माहीत असायलाच हवं. दोन्ही परीक्षकांना एकच हेतू पटेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. आणि मध्ये उठायचंच झालं तर पात्राला शोभेल अशाच कारणासाठी.

हा तिसरा नियम काही वर्षांपूर्वी आला. एक मुलगा राजा असताना 'पोटात दुखतंय' म्हणून गेला तो थेट घरी. तेव्हापासून राणी झालेल्या मुली हव्या तेव्हा महालात जाऊन येतात, म्हणजे पाणी प्यायला. युवराज तर सारखा शिकारीला जातो.

यंदा माझ्या चिठ्ठीत 'द्वारपाल' आला. द्वारपाल दार सोडून कुठेही जात नाही. ही गोष्ट लक्षात यायच्या आधी मी दोन ग्लास पाणी पिऊन बसलो होतो.

नाटक जुनं आहे, चार अंकी. त्यातलं आमच्या कामाचं एवढंच: तिसऱ्या अंकात संध्याकाळी द्वारपाल किल्ल्याचं दार लावतो. युवराज बाहेर राहिलेला असतो. तो दार ठोठावतो. द्वारपाल आतून म्हणतो, "दार बंद आहे, युवराज." त्याचं अख्ख्या नाटकातलं हे एकच वाक्य. बाहेर शत्रू येतो आणि युवराजाला मारतो. चौथ्या अंकात सकाळी द्वारपाल नेहमीच्या वेळेला दार उघडतो, तर समोर युवराज पडलेला.

प्रश्नही एकच. द्वारपालाने दार का लावले?

याचं उत्तर मला येत होतं. बाईंच्या पिवळ्या गाईडात, पान चौदा: 'स्वामिनिष्ठेमुळे. संध्याकाळी दार लावण्याची राजाज्ञा त्याने पाळली.' पिवळं गाईड बाईंनी स्वतः लिहिलंय. मी तीन वाजून दहा मिनिटांनी खुर्चीत बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मी स्वामिनिष्ठ आहे. राजाची आज्ञा होती."

बाईंनी समाधानाने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

"पटलं नाही," बाहेरचे सर म्हणाले.

बाहेरचे सर म्हणजे दुसऱ्या शाळेतून आलेले परीक्षक. चेहरा शांत, हात पोटावर बांधलेले. त्यांनीही एक गाईड लिहिलंय, निळं. निळ्या गाईडात द्वारपालाचा हेतू सूड आहे. पहिल्या अंकात युवराज आपले चिखलाचे बूट द्वारपालाच्या अंगरख्याला पुसतो. ते अडीच ओळींत उरकतं, पण सरांनी त्या अडीच ओळींवर नऊ पानं लिहिली आहेत.

मी लगेच बाजू बदलली. पास व्हायचं असेल तर माणसाने ताठ राहू नये. "खरं सांगतो सर, मनात राग होता. अंगरखा नवा होता."

सरांनी वहीत लिहून घेतलं.

"पटलं नाही," बाई म्हणाल्या.

"चिखल आहे की नाही नाटकात?" सरांनी बाईंना विचारलं.

"आज्ञाही आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या चिखलाच्या आधी आहे, सर. पहिल्या पानावर."

"पहिल्या पानावर पात्रांची यादी असते, बाई."

"माझ्या आवृत्तीत नसते."

दोन्ही गाईडं एकाच टेबलावर, मध्ये मी. बाईंना पटलं की सर अडत, सरांना पटलं की बाई. साडेतीनला मी 'भीती' सांगून बघितली. ती दोघांनाही एकदम नापसंत पडली, आणि दुपारभरात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. चारला 'लाच' म्हणालो. बाईंनी विचारलं, "कुणाकडून घेतलीस?" नाटकात मला लाच देण्याइतकं मोकळं कुणीच नव्हतं. सव्वाचारला बाकीची मुलं घरी गेली. खिडकीतून धाकटी दिसली. ती मैदानातून माझ्याकडे बघत, मैत्रिणीला काहीतरी सांगत, निघून गेली. तिला घाई नव्हती. तिच्याकडे पुढचं अख्खं वर्ष होतं.

साडेचारला मी उठायची परवानगी मागितली.

"द्वारपाल कुठे चाललाय?" बाई.

"किल्ल्याच्या मागच्या बाजूला, बाई. पहाऱ्यासाठी."

"मागच्या बाजूला वेगळा द्वारपाल आहे," सर म्हणाले. "दुसरा अंक बघ."

बसलो.

पाच वाजता सरांना सुचलं. "आपण तज्ज्ञाला बोलावू," ते म्हणाले. मला वाटलं एखादे प्राध्यापक येणार. पण सरांनी खिडकीतून खाली हाक मारली आणि फाटकावरचे काका वर आले.

काका शाळेचं दार सांभाळतात. बारीक अंगकाठी, खिशाला किल्ल्यांचा जुडगा, काखेत जाड नोंदवही. ती त्यांच्या काखेतून फक्त लिहिताना बाहेर येते. सरांनी त्यांना बसायला सांगितलं, ते उभेच राहिले.

"काका, तुम्ही रोज दार लावता," सर म्हणाले. "का लावता?"

"साडेपाच वाजतात."

"ते झालं. पण तुमच्या मनात काय असतं?"

काकांनी विचार केला. "साडेपाच," ते म्हणाले.

"राजाशी, म्हणजे शाळेशी, निष्ठा वगैरे?" बाईंनी हळूच वाट दाखवली.

"बाई, शाळा मला इथे ठेवते तीच मेहेरबानी. निष्ठा कशाला मध्ये आणता?"

"कुणी कधी तुमच्या कपड्यांना बूट पुसले?" सरांनी विचारलं.

"मुलं आहेत सर, चालायचंच."

सरांनी विजयाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाहिलंच नाही असं केलं. काकांनी घड्याळ बघितलं, पाच पंचवीस. "येतो," म्हणाले आणि गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला, आणि दोघंही परीक्षक पुन्हा अंगरख्यावर आले.

थोड्या वेळाने पंखा थांबला. दिवे गेले. खालून साखळीचा आवाज आला, सावकाश, नीट ओढून घेतलेल्या साखळीचा.

आधी कुणालाच काही वाटलं नाही. मग बाई म्हणाल्या, "परीक्षेची परवानगी पाचपर्यंतच होती," आणि खिडकीशी गेल्या. पाठोपाठ सर गेले. मी खुर्चीत होतो.

"चला खाली," सर म्हणाले.

"मी उठू?" मी विचारलं.

बाईंनी क्षणभर विचार केला. त्या अन्यायी नाहीत. "द्वारपाल दाराकडे जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "पण खुर्ची घेऊन."

म्हणून दोन मजले मी खुर्ची डोक्यावर घेऊन उतरलो. बाईंच्या हातात गुणपत्रक होतं, सरांच्या हातात दोन्ही वह्या, आणि दोघांच्या काखेत आपापलं गाईड. फाटक म्हणजे उभ्या सळयांचं लोखंडी दार. सळयांपलीकडे काका स्टुलावर बसले होते. मी खुर्ची टेकवली आणि नियमाप्रमाणे बसलो. आम्ही दोन दारवाले समोरासमोर, मध्ये दार.

"काका, उघडा," बाई म्हणाल्या. "आम्ही आत राहिलो."

"आत कोणी नाही, बाई."

"म्हणजे?"

काकांनी नोंदवही उघडून सळयांना टेकवली. सुंदर अक्षर होतं. '५.३०. इमारत रिकामी. दार बंद.' खाली सही.

"आत्ताच तुम्ही वर येऊन आमच्याशी बोललात," सर म्हणाले.

"ते पाच पंचवीसला. त्या वेळी होतात तुम्ही, मी नाही कुठे म्हणतो?"

"आणि आता?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं, तिघांकडे, मग खुर्चीकडे. मग वहीकडे बघत म्हणाले, "दार बंद आहे, सर."

बाईंचा हात सळीवर तसाच राहिला. नाटकातलं वाक्य काकांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते सातवीनंतर शाळेत फक्त दार लावायला आले.

सरांनी आवाज मऊ केला. "काका, एक ओळ खोडायची. त्यात काय एवढं?"

"खोडाखोड झाली की मुख्याध्यापक पत्र देतात. दोन झाली माझी. तिसऱ्याला घरी जा म्हणाले होते." त्यांनी वही मिटली. "साडेपाचला मला वरचं ध्यानात आलं नाही. दिवे घालवायचे, साखळी लावायची, लिहायचं. रोजचा हात. लिहून सही केली आणि मग वर खिडकीत तुमची डोकी दिसली."

"मुख्याध्यापकांना फोन करू का?" मी विचारलं. फोन आमचे परीक्षेआधीच कार्यालयाच्या कपाटात गेले होते, पण काकांकडे होता.

"नको," बाई घाईने म्हणाल्या. "पाचपर्यंतची परवानगी."

"नको," काकाही म्हणाले.

सर नुसते म्हणाले, "हं." मला नंतर कळलं, त्यांनी स्वतःच्या शाळेत अर्ध्या दिवसाची आजारपणाची रजा टाकली होती.

तर अशी सगळी मंडळी. सोडवणारा माणूस पलीकडे, किल्ली त्याच्याच खिशात, आणि तो आमच्याइतकाच अडकलेला; फरक इतकाच की तो बाहेरून अडकला होता. अंधार पडायला अजून वेळ होता, तरी पायऱ्यांवर थंडी यायला लागली. माझी दुपारची दोन ग्लास पाण्याची अडचण आता तात्त्विक राहिली नव्हती.

मी काकांकडे बघत बसलो होतो. दुसरं बघायला काही नव्हतंच. ते किल्ल्यांवरून अंगठा फिरवत होते, एक एक करून, आणि फाटकाच्या किल्लीपाशी आले की ती वगळून पुढे जात होते.

"बाई," मी म्हणालो, "उत्तर सापडलं."

"आत्ता?" बाई म्हणाल्या.

"आपण दुपारपासून चुकीचं दार धरून बसलोय. त्याने दार का लावलं, यात काहीच नाही. संध्याकाळ झाली, लावलं. रोजचा हात. हेतू पुढे आहे. ठोठावलेलं ऐकल्यावरसुद्धा त्याने उघडलं का नाही?"

सर पुढे सरकले. "का नाही?"

"उघडलं असतं तर युवराज बाहेर असताना आपण न बघता दार लावलं, हे मान्य करावं लागलं असतं. दार उघडायला एक क्षण लागतो. पण तो क्षण गेला की प्रत्येक क्षणाला आधीचा क्षणही कबूल करावा लागतो. म्हणून तो 'मी उघडणार नाही' असं म्हणतच नाही. म्हणतो, 'दार बंद आहे.' जसं काही ते दुसऱ्याच कुणी लावलंय. आणि सकाळी वेळेवर उघडतो, कारण वेळेवर उघडण्यात कबुली नाही. त्याला कुणाला मारायचं नव्हतं, बाई. त्याला फक्त आपलं चुकलेलं नको होतं."

काका मान हलवत होते. नाटकासाठी नव्हे.

 सरांनी निळं गाईड काखेतून काढलं, उघडलं, तसंच मिटलं. बाई सळीवरचा गंज नखाने काढत होत्या. "चौथ्या अंकातली ती सकाळ," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "मी इतकी वर्षं निष्ठेचा पुरावा म्हणून शिकवतेय."

"पटलं," सर म्हणाले.

"पटलं," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठलो. दोन तास पन्नास मिनिटांनी. गुडघ्यांनी दोन वेगवेगळे आवाज केले.

पण दार बंदच होतं. आणि आता काकांचा हेतू मला कळलेला होता, तर त्याचा काही उपयोग करायला हवा होता. त्यांना 'चुकलं' म्हणायला लावून दार उघडणार नव्हतं.

"काका, उद्या दार किती वाजता उघडता?"

"सहाला."

"सकाळी थंडी फार असते. उद्याचं आत्ताच उघडून टाकलंत तर?"

काका माझ्याकडे बघत राहिले. "आजचं साडेपाचचं तसंच राहील?"

"त्याला कोण हात लावतंय? ते बरोबरच आहे. हे उद्याचं."

काकांनी वहीचं नवं पान काढलं, वर उद्याची तारीख घातली, त्याच सुंदर अक्षरात लिहिलं, '६.००. दार उघडले.' सही केली. लवकर कामाला लागला म्हणून कुणी कुणाला पत्र देत नाही. मग साखळी काढली. आम्ही खुर्चीसकट बाहेर आलो, आणि ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे कोण बाहेर पडलं ते त्यांना दिसायला नको. मी आधी कंपाउंडच्या भिंतीमागे गेलो. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. आयुष्यातल्या मोजक्या खऱ्या सुखांपैकी ते एक होतं.

परत आलो तेव्हा बाई नि सर गुणपत्रक खुर्चीवर ठेवून वाकून उभे होते. लिहीत नव्हते.

"काय झालं?" मी विचारलं.

"अडचण आहे रे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शिक्षिकेचा नव्हता. "उत्तराची वेळ लिहावी लागते. तू उत्तर दिलंस सहा वाजता. त्या वेळी इमारत रिकामी होती."

"काकांच्या वहीप्रमाणे," सर म्हणाले.

"आणि पाचनंतर परीक्षा झालीच नाही," बाई म्हणाल्या, "परवानगीप्रमाणे. पाचच्या आत तुझ्या नावावर निष्ठा आहे, ती सरांना नापसंत. सूड आहे, तो मला. भीती, लाच, दोघांनाही. एकमत नाही. एकमत नसेल तर..." त्यांनी 'शून्य' हा शब्द उच्चारला नाही. "तुझं उत्तर फार चांगलं होतं. पण ते आज कुणी दिलंच नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. दोघांची बोटं आपापल्या गाईडावर होती. दोघांनाही मला पास करायचं होतं, अगदी मनापासून. पेनही उघडं होतं. उघडायला एक क्षण लागला असता, आणि तो दोघांपैकी कुणालाच परवडत नव्हता.

इथे मी गप्प बसू शकलो असतो. गप्प बसण्याचा मला अनुभव होता, आणि तो एक वर्षाला पडला होता.

"बाई," मी म्हणालो, "पावणेपाचला मी एक उत्तर दिलं होतं. तुम्ही दोघं चिखलावर बोलत होता, बहुतेक लिहून घ्यायचं राहिलं."

"कुठलं?"

"स्वामिनिष्ठेतून आलेला सूड."

सर सावकाश सरळ झाले. "स्वामिनिष्ठेतून आलेला," ते म्हणाले.

"सूड," बाई म्हणाल्या.

"म्हणजे राजावर निष्ठा, म्हणून युवराजावर..."

"आज्ञेचा आधार आणि चिखलाचाही."

"पावणेपाचला," सर म्हणाले. "आठवलं मला. पुसट आठवलं."

बाईंनी लिहिलं. वेळ, उत्तर, वीसपैकी सतरा. तीन गुण स्पष्टीकरण अपुरं म्हणून कापले, ते योग्यच होतं. दोघांनी सह्या केल्या. मग पत्रक माझ्यापुढे सरकवलं; परीक्षार्थीची सही शेवटी असते. बाई फाटकाकडे बघत होत्या. मी सही केली. 

कोपऱ्यावर धाकटी उभी होती. आईने बघायला पाठवलं होतं.

"इतका वेळ? परत प्रेत निघालं का?"

"द्वारपाल."

"मग?"

"पास. सतरा."

तिने मला खालून वर बघितलं, दप्तर माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. असं ती कधी करत नाही. आम्ही चालायला लागलो. जरा पुढे गेल्यावर तिने विचारलं, "दादा, हेच नाटक आम्हाला पुढच्या वर्षी आहे ना?"

"आहे."

"मग त्याने दार का लावलं रे?"

ती खरंच विचारत होती. मी तोंड उघडलं. रस्ता रिकामा होता, ऐकायला कुणी नव्हतं, कुठे काही लिहिलं जाणार नव्हतं.

"स्वामिनिष्ठेतून आलेला सूड," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"पाठ कर," मी म्हणालो. "पावणेपाचच्या आत सांगायचं."